समेवर चाबूक: मॅक्स रोचचा 'वी इन्सिस्ट'

'वी इन्सिस्ट' या जॅझ अल्बमचं हे कव्हर बघा जरा. खानावळीतला काउंटर, तिघं काळे तरुण स्टुलांवर बसलेत, मान वळवून थेट आपल्याकडे बघतायत, आणि मागे गोरा वेटर. आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं? तर १९६० च्या अमेरिकेत नुसतं असं बसणं म्हणजे भांडण उकरून काढणं होतं. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसले, कॉफी मागितली, मिळाली नाही, तरी उठले नाहीत.

त्याच ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला हा अल्बम रेकॉर्ड झाला. ड्रमर मॅक्स रोच, गायला अ‍ॅबी लिंकन, शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे.

पहिलं गाणं 'ड्रायव्हा मॅन'. म्हणजे गुलामांच्या डोक्यावर बसलेला मुकादम. चाल पाच मात्रांची, मोजायला लागलात की अर्धा झपताल वाटेल, पण समेवर दाद द्यायची आपली सवय ना, इथे समेवर रोच ड्रमच्या कडेला असा फटका मारतो की चाबूकच पडतो, आणि प्रत्येक आवर्तनात पडतो, सुटका नाही. मग कोलमन हॉकिन्सचा सॅक्सोफोन येतो, तेव्हा ५५ वर्षांचा, जॅझमधला बुजुर्ग माणूस, आणि सोलोमध्ये मध्येच त्याचा सूर चीं करून फाटतो. परत घेऊया म्हटलं तर हा नाही म्हणाला, अशा गाण्यात सगळं अगदी परफेक्ट आलं तर काहीतरी चुकलंय म्हणे. राहू दिला तसाच. मला तर आता तो फाटका सूर यायच्या आधीच अंगावर काटा येतो.

'ट्रिप्टिक'मध्ये तर शब्दच नाहीत, फक्त ड्रम आणि अ‍ॅबी. आधी प्रार्थना, शेवटी शांती, आणि मधे निषेध, म्हणजे ती मिनिटभर तरी नुसती किंचाळते, खरंखुरं, जीव तोडून. मी पहिल्यांदा हेडफोन न घालता लावलं होतं, आई पोळी तव्यावर टाकून धावत आली.

शेवटचं 'टिअर्स फॉर जोहान्सबर्ग'. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या शार्पव्हिलला २१ मार्च १९६० ला, काळ्यांना सतत पास म्हणजे ओळखपत्र बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ माणसं गेली, त्यांच्यासाठी. इथेही अ‍ॅबीला शब्द नाहीत, आणि खाली खर्जातलं बास हे वाद्य ज्या मात्रा धरून बसलंय त्या मोजा, पुन्हा पाचच.