पेग थांबवायचा कुणी?

[दृश्य : दुपार. बारचं अर्धवट उघडं शटर, आत टेबलं पुसली जाताहेत. भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना.]

संध्याकाळी गर्दी झाली की या भिंतीकडे कुणी बघत नाही. आत्ताच बघून घ्या. काचेमागचा हा कागद म्हणजे एफएल-3, ग्राहकाला बसवून विदेशी मद्य द्यायचा परवाना. तो जिल्हाधिकारी देतात, त्यावर नजर राज्य उत्पादन शुल्क विभागाची. दर 31 मार्चला मुदत संपते आणि पुन्हा फी भरावी लागते. मोठ्या शहरात ती काही लाखांत जाते.

हा झाला मालकाचा कागद. महाराष्ट्रात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे मात्र पिणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसतं.

[दृश्य : खणातून निघालेलं परवाना-पुस्तक. पानं उलटणारी बोटं.]

एक दिवसाचा परवाना पाच रुपये. वर्षाचा शंभर, आजीवन हजार. ही पद्धत कुठून आली ते सांगायला हवं, कारण आजचा सगळा कारभार त्याच चौकटीत चालतो. 1949 साली तेव्हाच्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद, आणि अपवादाचं कारण काय, तर आरोग्य राखणं! साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली. कायदा रद्द झाला नाही. आज तोच महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून लागू आहे. म्हणजे कागदोपत्री या राज्यात दारूबंदीच आहे, आणि रोज संध्याकाळी इथे भरतात ते सगळे अपवाद.

हसू येतं खरं. पण या पाच रुपयांच्या पानात एक चांगली गोष्ट दडली आहे. ते द्यायचं तर समोरच्याचं वय विचारावं लागतं. सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21 वर्षं, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25. बऱ्याच ठिकाणी ही पानं ग्राहकाला न दाखवताच, रात्री हिशेब जुळवताना भरली जातात. तिथे वय विचारायची हक्काची वेळ हातची जाते.

[दृश्य : पेगचं माप, अगदी जवळून. काठोकाठ भरतं, ग्लासात उलटं होतं.]

हे माप 60 मिलिलिटरचं, म्हणजे लार्ज. आपल्याकडच्या व्हिस्कीत सहसा 42.8 टक्के अल्कोहोल असतं, त्या हिशेबाने एका लार्जमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शेजारी ठेवलेली 650 मिलिलिटरची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल, तर त्या एका बाटलीत 40 ग्रॅमच्या आसपास. ‘आज फक्त बिअर’ म्हणणाऱ्याने दोन लार्ज घेतलेले असतात.

[दृश्य : घड्याळ. लास्ट ऑर्डर. एकाच टेबलावर एकदम चार ग्लास.]

कायद्याच्या पुस्तकात न दिसणारी अडचण इथे दिसते. मुंबई-पुण्यात रात्री दीडला बंद करायचं, म्हणून त्याआधी लास्ट ऑर्डर पुकारली जाते. मग जो तो दोन-दोन पेग मागवून भराभर संपवतो. पोटातली दारू रक्तात पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागतो. दारातून बाहेर पडताना जो ताठ चालतो, त्याला खरी चढते ती गाडी चालवताना. आणि उतरते ती कासवाच्या गतीने: 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅमची. 90 वर गेलेल्याला त्या मर्यादेत यायला चार तास हवेत. कॉफी, लिंबूपाणी, तोंडावर गार पाणी, कशानेही हा वेळ कमी होत नाही.

तेव्हा जे काही करायचं ते चौथा पेग ओतण्याआधी. आणि तिथे हजर असतो एकच माणूस.

[दृश्य : वेटर टेबलांमधून फिरतोय. त्याची नजर.]

याच्याकडे नीट बघा. ट्रे ठेवता ठेवता हा माणसं वाचतो. आवाज चढलाय का, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय का, पाकिटातून नोट काढताना बोटं चुकताहेत का. मुरलेला वेटर भांडण न करता वेग कमी करतो. आधी पाण्याचा जग येतो, मग चखण्याऐवजी जेवणाचं मेनूकार्ड. पुढचा पेग उशिरा येतो. ग्राहक ऐकेना झाला तर कॅप्टन येतो, त्याच्यामागून बिल. गाडीची किल्ली कुणाकडे आहे हेही सहज विचारून घेतलं जातं.

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. काम करता करता, शिव्या खात शिकलाय. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये जबाबदारीने मद्य देण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र नसेल, तर बारमध्ये दारू वाढता येत नाही. आपल्याकडे नोकरनाम्यात, म्हणजे कामगारांच्या अधिकृत नोंदीत, नाव चढलं की माणूस कामाला उभा. शिवाय टिप बिलावर आणि बिल पेगवर. पेग नाकारणारा वेटर स्वतःच्याच खिशाला कात्री लावत असतो, आणि नाराज ग्राहकाने तक्रार केली तर बोलणीही त्यालाच. जिथे मालक अशा वेळी वेटरच्या मागे उभा राहतो, तिथेच हे काम होतं. बाकी ठिकाणी भिंतीवर पाटी असते, ‘मद्यपान करून वाहन चालवू नये’, आणि तिच्याखाली ग्लास भरत राहतात.

[दृश्य : नाकाबंदी. ब्रेथ अॅनालायझर, दिव्यांची उघडझाप.]

पुढचं पोलिसांकडे. पहिल्यांदा पकडलं गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम 77 लागतं: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत एक तरुण आणि एक तरुणी ठार झाले, तेव्हा त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे चालक-व्यवस्थापकही अटकेत गेले आणि बारना सील लागलं.

[दृश्य : शटर. कुलपावर लाखेचा शिक्का.]

परवाना निलंबित करायचा की रद्द, ते जिल्हाधिकारी ठरवतात. सुनावणी होते, अपील होतं, त्यात महिने जातात. तोवर कामगारांचा पगार देण्याइतकी ऐपत प्रत्येक मालकाची नसते, आणि टिप तर पहिल्याच रात्रीपासून बंद.