राखणीची हद्द

नमस्कार, श्रोतेहो.

मी पशुवैद्य आहे आणि गेली पंचवीस वर्षे पुण्यात माझा दवाखाना आहे. या काळात कुत्रा पाळणाऱ्या मंडळींकडून एक वाक्य मी असंख्य वेळा, आणि बहुतेक वेळा मोठ्या अभिमानाने उच्चारलेले ऐकले आहे. ते वाक्य असे : “डॉक्टर, आमचा कुत्रा घरच्यांना काही करत नाही, पण बाहेर कोणी अनोळखी माणूस जवळ आला तर त्याला सोडत नाही.” या वाक्यामागे माया असते, विश्वास असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही रस्त्यावर, बागेत, लिफ्टमध्ये किंवा टेकडीवर कुत्र्याने अनोळखी माणसावर धावून जाणे ही राखण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याविषयीच मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आपला तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड घेऊन माझ्याकडे आल्या. आदल्या दिवशी सोसायटीच्या लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावर एक आजी काठी टेकत आत शिरल्या आणि कुत्र्याने त्यांच्या पोटरीला दात लावले. जखम फार खोल नव्हती, पण आजी पडल्या, मनगटाचे हाड मोडले. बाईंना लसीकरणाचे प्रमाणपत्र हवे होते. आम्ही बोलत असताना माझा मदतनीस औषधाचा ट्रे घेऊन आत आला, आणि कुत्रा भुंकू लागला. “पाहा, मला कसा राखतो,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना फक्त एकच गोष्ट पाहायला सांगितली, ती म्हणजे कुत्रा कुठे उभा आहे. तो त्यांच्या पुढे उभा नव्हता. तो त्यांच्या खुर्चीच्या मागे होता, शरीराचा भार मागच्या पायांवर, शेपूट पोटाखाली ओढलेली, कान डोक्याला चिकटलेले, पाठीवरचे केस ताठ, डोळ्यांच्या कडेला पांढरे दिसत होते आणि दोन भुंकण्यांच्या मध्ये तो सारखे ओठ चाटत होता. आपल्या मालकिणीला राखणाऱ्या प्राण्याचे हे रूप नाही. घाबरलेला आणि पळायला जागा नसलेला प्राणी असा दिसतो.

ही भीती राखणीसारखी का दिसू लागते, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या दारी येणाऱ्या पोस्टमनचा विचार करावा. पोस्टमन येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. पोस्टमन जाणारच होता, हे आपल्याला माहीत असते, पण कुत्र्याच्या लेखी तो आपल्या भुंकण्याने गेलेला असतो. रोज हा धडा मिळाल्यावर महिनाभरात कुत्र्याची खात्री पटते की दात दाखवले की नको असलेला माणूस दूर होतो. रस्त्यावर नेमके हेच घडते. समोरून माणूस येताना पाहून मालक धास्तावतो, हातातला पट्टा आखडून धरतो, गळ्याला ओढ बसते, कुत्र्याची सुटकेची वाट बंद होते आणि मालकाच्या हाताचा ताण पट्ट्यातून थेट त्याच्या अंगात उतरतो. तो भुंकतो, समोरचा माणूस घाबरून बाजूला होतो, आणि मालक त्याच्या डोक्यावरून हात फिरवून “अरे, काही नाही, काही नाही” म्हणतो. पुढच्या वेळी कुत्रा अधिक लवकर आणि अधिक जोराने भुंकतो. सहा महिन्यांत आपण “हा फार राखणदार आहे” असे म्हणू लागतो.

खरी राखण कशी असते हे मी लहानपणी पाहिले आहे. माझे गाव माण तालुक्यातले. थंडीच्या दिवसांत खतासाठी आमच्या रानात मेंढरे बसवली जात. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह त्यांचा तळ, उतरला की संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून मेंढ्या आत घेतल्या जात आणि कुत्री बाहेरच्या अंगाला बसत. त्या मुलखात लांडगे होते, आजही आहेत, आणि कोकरू उचलायला लांडग्याला क्षणही पुरतो. मला कधी निरोप घेऊन वाड्यावर पाठवले की बांधावरूनच कुत्रे उठत असे. ते माझ्या अंगावर येत नसे. वाघरीपासून पंधरा-वीस पावलांवर ते आडवे उभे राहून भुंके, आणि वाड्यातला म्हातारा “येऊ दे रं” असे म्हणून जिभेने एक आवाज काढी, की ते मुकाट्याने बाजूला होई. एकदा आठवडी बाजारात मला तोच म्हातारा भेटला आणि मागे तेच कुत्रे होते. भाजीवाल्यांच्या आरोळ्या, बैलगाड्या, माणसांची रेटारेटी, कोणाचा पाय त्याच्या शेपटीवर पडला तरी ते अंग चोरून म्हाताऱ्याच्या काठीमागे चालत राहिले. मी हात पुढे केला, तर त्याने मला ओळखही दाखवली नाही. रात्री वाड्याभोवती जे कुत्रे लांडग्याला भिडायला तयार होते, त्याच कुत्र्याला बाजारातला एकही माणूस वैरी वाटत नव्हता. त्याच्या राखणीला हद्द होती आणि ती हद्द त्याला पक्की ठाऊक होती.

आपल्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला ही हद्द कोणी शिकवलेली नसते. घराच्या दाराशी अनोळखी माणूस क्वचित येतो, त्यामुळे रात्री-अपरात्री तिथे दोनदा भुंकून सांगणे हे कुत्र्याचे वाजवी काम आहे, आणि “बस्स” म्हटल्यावर थांबायला शिकवले म्हणजे ते काम पूर्ण होते. रस्त्यावर मात्र प्रत्येक जण अनोळखीच असतो. शाळेची बस गाठायला पळणारे मूल, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, पहाटे झाडू मारणाऱ्या सफाई कामगार बाई, पांढरी काठी घेऊन चालणारा अंध माणूस, यांपैकी कोण धोक्याचा आणि कोण नाही हे ठरवण्याचे साधन कुत्र्याजवळ नसते. काठी, टोपी, लंगडी चाल, डोक्यावरचे ओझे, अशा वरवरच्या खुणांवरून तो भितो. त्यामुळे सर्वांत जास्त त्रास म्हाताऱ्यांना, मुलांना आणि कष्टकऱ्यांना होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. पहाटे किंवा रात्री एकट्या फिरणाऱ्या अनेक स्त्रियांनी मला सांगितले आहे की कुत्रा सोबत असतो म्हणूनच त्या बाहेर पडू शकतात. त्यांची गरज खरी आहे. पण त्यांना मिळणारे संरक्षण बहुतांशी कुत्र्याच्या सोबतीतूनच मिळते. वाईट हेतूचा माणूस सोबत धिप्पाड कुत्रा पाहूनच दूर राहतो, मग तो कुत्रा शांतपणे चालत असला तरी. उलट दिसेल त्याच्यावर झेप घेणारा कुत्रा आवरण्यात त्या बाईची सारी शक्ती आणि सारे लक्ष खर्ची पडते. प्रत्यक्ष हल्ला झाला तर कुत्रा काय करील ते त्या वेळी करील, त्याला कोणी दोष देणार नाही. पण त्या एका प्रसंगासाठी रोजच्या शंभर निरपराध माणसांवर त्याने सराव करावा, हे मला मान्य नाही.

कामावरच्या कुत्र्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीर या लॅब्रॅडॉरने ३,३०० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून काढले. २००८ च्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यात सीझर या कुत्र्याने छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातबॉम्ब शोधले. ज्या शहरात रोज लाखो अनोळखी माणसांची ये-जा असते त्या मुंबईचे या कुत्र्यांनी रक्षण केले, आणि ते त्यांना साधले, कारण गर्दीतल्या माणसांकडे त्यांचे लक्षच नव्हते. माणसांना भिणाऱ्या कुत्र्याकडून हे काम होऊच शकत नाही.

मग असा शांत कुत्रा घडतो कसा? या बाबतीत वयाचे महत्त्व फार मोठे आहे आणि दुर्दैवाने इथेच आपल्याकडे सर्वांत मोठी चूक होते. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्ले कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात माणसांपासून दूर वाढवली आणि निरनिराळ्या वयांत त्यांना एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. सातव्या आठवड्याच्या आसपास आणलेली पिल्ले चटकन माणसाळली. चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांनी माणूस जवळून पाहिलाच नाही, ती मात्र रानटी जनावरासारखी वागू लागली. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते, आणि या काळात ज्या प्रकारची माणसे, आवाज आणि जागा त्याने सुखाने अनुभवल्या, त्या त्याला पुढे जन्मभर परक्या वाटत नाहीत.

आपण मात्र लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढत नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती रास्त आहे. पण पिल्लाला जमिनीवर सोडायचे नाही म्हणजे जगच दाखवायचे नाही, असा अर्थ आम्हा डॉक्टरांनी कधी सांगायला नको होता, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही तो सांगितला आहे, याची मला खंत आहे. पिल्लाला कडेवर किंवा पिशवीत घेऊन रिक्षा स्टँडपाशी उभे राहता येते, मंडईच्या कोपऱ्यावर दहा मिनिटे बसता येते, वॉचमन, दूधवाला, शेजारची मुले यांच्या हातून त्याला एखादा खाऊचा तुकडा देववता येतो. २०२० च्या टाळेबंदीत घरी आणलेली पिल्ले मला आठवतात. त्यांनी पहिले कित्येक महिने घरच्यांखेरीज माणूस पाहिला नाही, आणि जे दिसले ते तोंडाला मास्क लावलेले. पुढच्या वर्षी त्यांतली किती तरी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर थरथर कापत उभी असत.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. गुरगुरणे ही त्याची सूचना आहे, “मला भीती वाटते, जवळ येऊ नका” असे तो आपल्या भाषेत सांगत असतो. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो, भीती सोडत नाही, आणि मग एके दिवशी कोणतीही सूचना न देता चावतो. “कधी भुंकला नाही हो, एकदम चावला,” असे ज्या कुत्र्यांविषयी सांगितले जाते, त्यांच्या इतिहासात बहुधा असा मार निघतो.

कायद्याविषयी थोडक्यात बोलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. “तो मला राखत होता” हे काळजी घेतल्याचे उत्तर होत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्यासाठी परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. जातीचा वाटा असतोच, अनोळखी हाताचा स्पर्श न आवडणारा आपला कारवान जातीचा शिकारी कुत्रा ज्यांनी पाळला आहे त्यांना तो ठाऊक आहे. तरी कारवानाला स्पर्श नको असेल तर तो बाजूला होतो, आणि बाजूला होण्याची मुभा त्याला आपण द्यायला हवी. माझ्या टेबलावर मला चावलेल्या कुत्र्यांत सर्वाधिक संख्या छोट्या पॉमेरेनियनांची आहे.

वाटेने जाणाऱ्या श्रोत्यांकडेही एक मागणे आहे. परक्या कुत्र्याच्या डोक्यावर विचारल्याशिवाय हात ठेवू नका, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, आणि तो भुंकला तर पळू नका, हात अंगाशी धरून स्थिर उभे राहा. दुर्दैवाने दात लागलेच तर जखमेवर तिखट, चुना किंवा हळद मुळीच लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि कुत्रा पाळीव असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

त्या जर्मन शेफर्डचे पुढे काय झाले ते सांगतो. पहिले दोन महिने बाईंनी लिफ्ट सोडून दिली आणि त्या रोज पाच मजले जिन्याने चढ-उतार करू लागल्या. कुत्र्याला तोंडाची जाळी घालण्याची सवय त्यांनी खाऊ देत-देत लावली. बागेत ज्या अंतरावर माणूस दिसूनही तो शांत राही, तेवढ्या अंतरावर त्या उभ्या राहत. सुरुवातीला ते अंतर चाळीस पावले होते. माणूस दिसला की पट्टा सैल, आणि कुत्र्याने वळून त्यांच्याकडे पाहिले की तुकडा. अंतर आठवड्याला दोन-तीन पावलांनी कमी होई, कधी वाढेही. आजींची त्यांनी घरी जाऊन क्षमा मागितली आणि उपचारांचा खर्च दिला. आठ महिन्यांनी बाई पुन्हा लिफ्टने जाऊ लागल्या, जाळी लावून आणि आत कोणी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहत. एके दिवशी चौथ्या मजल्यावर दार उघडले आणि समोर त्याच आजी काठी घेऊन उभ्या होत्या. बाईंनी बाहेर यायला पाऊल उचलले, तर आजीच म्हणाल्या, “राहू दे गं, मी थांबते.” तेवढ्या वेळात कुत्र्याने एकदा काठीकडे पाहिले, मग वर मालकिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो तिच्या पायांशी खाली बसला.

नमस्कार.