न्यूपोर्टचा आर्थर गूल्ड

मंडळी, क्रिकेट सोडून दुसरा खेळ काढला की आपल्याकडे चुळबूळ सुरू होते. तरी आज रग्बीच.

आर्थर गूल्ड १८६४ साली न्यूपोर्टमध्ये जन्मला. पोरवयात झाडांवर चढायचा, म्हणून टोपणनाव पडलं ‘मंकी’. १८८५ ते १८९७ या काळात तो वेल्सकडून २७ सामने खेळला, त्यातले १८ कर्णधार म्हणून. सुरुवात फुलबॅकच्या, म्हणजे सगळ्यांत मागच्या जागी; नाव झालं थ्री-क्वार्टर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या फळीतला गडी म्हणून.

तेव्हाची मांडणी अशी: पुढे रेटारेटी करणारे नऊ फॉरवर्ड, त्यांना मागच्यांशी जोडणारे दोन हाफबॅक, तीन थ्री-क्वार्टर आणि मागे फुलबॅक. कार्डिफ क्लबने एक फॉरवर्ड कमी करून चौथा थ्री-क्वार्टर उभा केला. १८८६ मध्ये वेल्सने स्कॉटलंडविरुद्ध हे करून पाहिलं आणि सामना चालू असतानाच गुंडाळलं. गूल्डला फुलबॅकला जावं लागलं. यात गोम अशी, की आठांचा स्क्रम (चेंडूसाठी समोरच्यांना रेटणारा फॉरवर्डांचा घोळका) नऊंपुढे मागे रेटला गेला तर चेंडू बाहेर येतच नाही. मग मागे चार असोत की सहा, उपयोग शून्य.

हीच मांडणी जमली ती ७ जानेवारी १८९३ ला, कार्डिफमध्ये इंग्लंडविरुद्ध. मैदान गोठलेलं, ते वितळवायला आदल्या रात्री कोळशाच्या शेगड्या पेटवलेल्या. पूर्वार्धात इंग्लंड पुढे होतं. उत्तरार्धात त्यांचे नऊ फॉरवर्ड दमले आणि वेल्सचा जादा भिडू कडेला मोकळा सापडू लागला. गूल्डने दोन ट्राय केले, म्हणजे दोनदा चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला. शेवटी वेल्सच्या बॅनक्रॉफ्टने पेनल्टी (नियमभंगाबद्दल मिळणारी किक) चक्क ड्रॉपकिकने, म्हणजे चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारली. वेल्स १२, इंग्लंड ११.

गंमत म्हणजे ट्राय इंग्लंडचे चार आणि वेल्सचे तीनच! तेव्हा ट्रायला २ गुण, कन्व्हर्जनला (ट्रायनंतर गोलखांबांमधून मारायची किक) ३, पेनल्टीला ३. दोघांचं कन्व्हर्जन एकेक. म्हणजे निकाल फिरवला तो पेनल्टीने. पुढे स्कॉटलंड ९-० आणि आयर्लंड २-० असे हरले, नि वेल्सला पहिला ट्रिपल क्राउन (एकाच मोसमात या तिघांनाही हरवण्याचा मान) मिळाला. आयर्लंडविरुद्धचा तो एकमेव ट्राय गूल्डचा भाऊ बर्टचा.

आता वादाचं प्रकरण. निवृत्तीच्या सुमारास चाहत्यांनी वर्गणी काढली, वेल्श संघटनेनेही भर घातली आणि त्यातून त्याला घर द्यायचं ठरलं. तेव्हा रग्बी खेळण्याचा मोबदला घेणं नियमाबाहेर होतं, त्यामुळे रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मते हा उघड धंदेवाईकपणा. वेल्स मंडळातून बाहेर पडलं, स्कॉटलंड आणि आयर्लंडने १८९७ मध्ये त्यांच्याशी खेळणं टाळलं. इंग्लंड मात्र त्या जानेवारीत न्यूपोर्टला येऊन ११-० हरलं. गूल्डचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना. एप्रिलमध्ये जाहीर मेजवानीत घराची कागदपत्रं त्याच्या हाती पडली. १८९८ मध्ये तडजोड झाली: वेल्स परत मंडळात, गूल्डने पुन्हा आंतरराष्ट्रीय खेळायचं नाही. निवृत्त माणसावर बंदी. अटीत दम फारसा नव्हताच.