स्टेम सेलचा 'अभ्यास' आणि रुग्णाच्या नावाची पावती

नमस्कार श्रोतेहो.

घरात लकव्यानं एक बाजू गेलेला माणूस असेल, वर्ष झालं तरी मान न धरणारं लेकरू असेल, किंवा गुडघ्यांमुळे निंदणाला बसू न शकणारी आई असेल, तर 'स्टेम सेल' हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. शिबिराच्या पत्रकावर, व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओत, नाहीतर शहरातून फोन करणाऱ्या 'समन्वयका'च्या तोंडून. या बोलण्यात एक वाक्य हमखास असतं. "हा नोंदणी झालेला अभ्यास आहे, पेशंटचं नाव त्यात घेतो, खर्च तेवढा तुम्हाला करावा लागेल." आज बोलायचं आहे ते याच एका वाक्याबद्दल.

आधी खरं काय ते सांगतो. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी, ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होतात. हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. त्यांचं प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हा सिद्ध झालेला उपचार आहे. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया यांत तो होतो. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे घराघरात माहीत असलेल्या सिकलसेलमध्येही होतो, पण त्यासाठी जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक. आधी केमोथेरपी देऊन जुना मगज रिकामा करावा लागतो, कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, आणि जिवाला धोकाही असतो. "सकाळी या, सुई घ्या, संध्याकाळच्या एसटीनं घरी जा" असं जे सांगितलं जातं, त्याचा या उपचाराशी काही संबंध नाही.

सिकलसेलच्या घरांसाठी आणखी एक. बाळंतपणाच्या वेळी नाळेतलं रक्त साठवून ठेवा, बाळाला पुढे कामी येईल, असं सांगणारे भेटतात. बाळाला सिकलसेल असेल, तर त्याच्या नाळेच्या रक्तातही तोच दोष असतो. त्याचंच रक्त त्याला परत देऊन तो आजार बरा होत नाही.

आता ती एका दिवसाची सुई कशी देतात ते पाहू. एक तर कमरेच्या हाडात मागच्या बाजूनं जाड सुई घालून मगज ओढतात, नाहीतर पोटाची चरबी काढतात. चरबीवर कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम टाकून पेशी सुट्या करतात, यंत्रात फिरवून खाली बसलेला थर घेतात आणि तो सलाइनमधून, गुडघ्यात किंवा पाठीच्या मणक्यांतून टोचतात. अडचण इथूनच सुरू होते. मगजातल्या १०,००० ते १,००,००० पेशींमागे हव्या त्या प्रकारची मूळ पेशी एखादीच असते. म्हणजे सिरिंजमध्ये मुख्यतः दुसऱ्याच पेशी असतात. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत मरतात. मेंदूतली मेलेली जागा शोधून तिथं जाऊन बसण्याची वाट त्यांना ठाऊक नसते. आणि एकच सिरिंज लकव्याला, साखरेला, ऑटिझमला आणि गुडघ्यालाही चालते असं कोणी म्हणत असेल, तर ती नेमकी कशावर काम करते हे त्यालाही माहीत नाही.

काही ठिकाणी पीआरपीसुद्धा स्टेम सेल म्हणून विकतात. हातातून रक्त काढलं, फिरवलं आणि गुडघ्यात दिलं, तर ते पीआरपी, म्हणजे रक्तातल्या बिंबिका, प्लेटलेट. त्यात मूळ पेशींचा उपचार नाही.

मग पैसे घेऊन केलेल्या अभ्यासात बिघडतं काय? आपल्याला हे शेतातून लगेच कळेल. कृषी विद्यापीठ कपाशीचं नवं वाण तपासतं तेव्हा शेजारच्याच वाफ्यात तुल्य वाण, म्हणजे तुलनेसाठी नेहमीचं वाण लावतं. जमीन तीच, खत तेच, पाऊस तोच. असे वाफे अनेक ठिकाणी लावले की मगच नवं वाण सरस की नाही हे कळतं. आता एखादी कंपनी म्हणाली, बियाण्याची पिशवी तुम्ही पूर्ण दरानं विकत घ्या, तुमच्याच वावरात पेरा, तुल्य वाण लावू नका, पीक आलं तर आम्हाला फोटो पाठवा, आम्ही त्याला प्रयोग म्हणू. तुम्ही मान्य कराल?

औषधाच्या अभ्यासात तुल्य वाणाच्या जागी दुसरा गट असतो. त्याला नेहमीचा उपचार किंवा नुसतं मिठाचं पाणी देतात, आणि कोणाला काय मिळालं हे रुग्णाला आणि तपासणाऱ्याला शेवटपर्यंत सांगत नाहीत. लाखभर रुपये भरून मिठाचं पाणी घ्यायला कोण येईल? म्हणून पैसे घेतले की दुसरा गट उरत नाही. तो नसला की दुसऱ्या कशानं आलेला फरकही सुईचाच म्हणून मोजला जातो. लकव्यानंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हातपाय आपोआप बरेच सुधारतात, आणि सोबत व्यायाम चालू असतो. कापूस वेचणीत गुडघे जास्तीत जास्त दुखतात, तेव्हा सुई घेतली आणि हंगाम सरल्यावर दुखणं उतरलं, तर श्रेय सुईला जातं. शेत गहाण ठेवून आलेल्या माणसाला फरक दिसावासा वाटतो, यात त्याची चूक नाही. ज्याला फरक पडला नाही तो पुन्हा गाडीभाडं खर्चून तपासणीला येत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. असे पाचशे रुग्ण जमवले तरी औषध चालतं की नाही हे कळत नाही. पैसे घेऊन केलेला अभ्यास खिशाला तर लुटतोच, पण ज्या प्रश्नासाठी रुग्णानं शरीर दिलं त्याचं उत्तरही देत नाही. मला यातलं जास्त वाईट हेच वाटतं.

इजेचंही सांगायला हवं. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या तीन वयस्क बायकांची हकीकत २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. नजर कमी झालेल्या या बायकांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरले. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या, आणि तिघींची उरलीसुरली नजर गेली. सरकारी संकेतस्थळावर अभ्यासाची नोंद होती, सहीच्या कागदावर मात्र अभ्यासाचा उल्लेख नव्हता. खऱ्या अभ्यासात एक डोळा करतात, थांबतात, पाहतात. पोर्तुगालमध्ये पाठीच्या कण्यात नाकातल्या पेशी घातलेल्या एका बाईला आठ वर्षांनी तिथंच नाकासारखा चिकट स्राव करणारी गाठ झाली. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून केलेलं दूषित इंजेक्शन घेऊन बारा जणांना जंतुसंसर्ग झाला. पेशी उकळून निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून काढण्यापासून टोचण्यापर्यंत कुठेही चूक झाली की जंतू थेट सांध्यात किंवा मणक्यात जातात.

आपल्याकडे नियम आहेत आणि ते स्पष्ट आहेत. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे माणसांवरच्या मंजूर अभ्यासातच करायचा आहे, आणि संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही. पेशींवर भरीव प्रक्रिया करून केलेलं उत्पादन २०१९ च्या नियमांत नवीन औषध धरलं आहे. अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. ऑटिझमसाठी तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच सांगितलं, की हा उपचार म्हणून शिफारस नाही आणि त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. हेही खरं, की ट्रायल पूर्ण करून एखाददुसऱ्या ठरावीक उत्पादनाला देशात मंजुरी मिळाली आहे. २०२० मध्ये पायाच्या रक्तपुरवठ्याच्या गंभीर आजारासाठी, आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी. पण ती मंजुरी त्या उत्पादनाची आणि त्या आजाराची. कुठल्याही दवाखान्यातल्या सुईला ती लागू होत नाही.

आता कागद-पेन घ्या. कोणी अभ्यास म्हणालं की सीटीआरआय क्रमांक मागा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, आणि घरातल्या शिकलेल्या पोराला सीटीआरआयच्या संकेतस्थळावर तो टाकायला सांगा. नोंद सापडली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, ती फक्त सरकारी वहीतली नोंद आहे. आत हे पाहा: औषध महानियंत्रकांची, म्हणजे डीसीजीआयची, मंजुरी आहे का. नीतिमत्ता समितीनं मान्यता दिली का. पैसा कोण देणार, या रकान्यात कोणाचं नाव आहे. तुल्य गट आहे का. आजार तुमचाच आहे का. नोंदीतलं रुग्णालय आणि तुम्हाला बोलावलेलं ठिकाण एकच आहे का.

मग संमतीपत्र मराठीत मागा, घरी न्या, आपल्या पीएचसीच्या डॉक्टरांना किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये, सेवाग्रामला दाखवा. सही केली तर एक प्रत तुमच्याजवळ राहिलीच पाहिजे. "आजच्या आज इसार द्या, जागा दोनच उरल्यात" असं कोणी म्हणालं, तर उठून या. खऱ्या अभ्यासात इसार नसतो.

आणि पैसे देऊन झाले असतील, तर लाजू नका. पावती, पत्रक, व्हॉट्सअॅपचे संदेश, डिस्चार्जचा कागद, एकही टाकू नका. सुईनंतर ताप आला, सांधा लाल झाला, मान आखडली किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि काय टोचलं ते स्पष्ट सांगा. डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते, औषधाबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे. पैसे परत मागायला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि वकील न लावताही अर्ज देता येतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५. पुन्हा सांगतो, एक, नऊ, एक, पाच.

नमस्कार.