फिलिप फ्रेनो : क्रांतीचा कवी आणि रानातलं फूल

[दृश्य : न्यूयॉर्क बंदर]
मे १७८०. ब्रिटिशांविरुद्ध अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, म्हणजेच अमेरिकन क्रांती, चालू होती. वेस्ट इंडीजकडे निघालेलं ‘अरोरा’ हे अमेरिकन जहाज ब्रिटिशांनी पकडलं. जहाजावर अठ्ठावीस वर्षांचा एक कवी होता, फिलिप फ्रेनो. त्याला आणून याच पाण्यात उभ्या असलेल्या ‘स्कॉर्पियन’ या कैदी जहाजावर डांबलं. कोंदट तळ, सडकं अन्न, मग ताप. तापाने फणफणलेल्या फ्रेनोला ‘हंटर’ या रुग्णजहाजावर हलवलं, तर तिथला हेसियन, म्हणजे ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन सैन्यातला, डॉक्टर आजारापेक्षा भयंकर!

[दृश्य : जुन्या छापील ओळी]
सुटल्यावर पुढच्याच वर्षी त्याने हे सगळं ‘द ब्रिटिश प्रिझन शिप’मध्ये ओतलं. ओळी पाहा : जोडीजोडीने यमक, मोजून बांधलेली लय. ही लंडनचा कवी अलेक्झांडर पोप याची घडण, प्राचीन ग्रीक-रोमन नमुने मानणाऱ्या नवअभिजात कवितेची. इंग्रजांवर आग पाखडायलाही फ्रेनोने इंग्रजांचाच छंद घेतला. ‘क्रांतीचा कवी’ ही ओळख त्याला अशा कवितांनी दिली.

[दृश्य : झाडीतलं पांढरं फूल, जवळून]
आता इथे जरा थांबू या. १७८६, दक्षिण कॅरोलिनातलं चार्ल्सटन. फ्रेनो तेव्हा व्यापारी जहाजांवर कप्तानी करत होता. तिथल्या वर्तमानपत्रात त्याची ‘द वाइल्ड हनी सकल’ छापून आली. सहा ओळींची चारच कडवी. त्यांत ना राजा, ना तोफ, ना ग्रीक देवता. आडबाजूला उमललेलं एक फूल, ज्याला कुणाचा पाय तुडवत नाही, कुणाचा हात खुडत नाही. आणि तरीही ते सुकणारच आहे. इंग्रजी स्वच्छंदतावादाची, म्हणजे निसर्ग आणि भावना यांना पुढे आणणाऱ्या रोमँटिक कवितेची, सुरुवात मानलं जाणारं वर्ड्सवर्थ-कोलरिजचं ‘लिरिकल बॅलड्स’ यायला अजून बारा वर्षं होती. स्वच्छंदतावाद अमेरिकेत इंग्लंडहून बोटीने आला, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे फूल एकदा पाहावं.

[दृश्य : रंगवलेलं भांडं, दगडी टोकाचे बाण]
पुढच्या वर्षी ‘द इंडियन बरिइंग ग्राउंड’. अमेरिकेतले काही मूलनिवासी आपल्या मृतांना बसलेलं पुरत, हे फ्रेनोच्या मनात घर करून राहिलं. सोबत रंगवलेलं भांडं, प्रवासासाठी हरणाचं मांस, ताणलेलं धनुष्य, दगडी टोकाचे बाण. गोऱ्यांची झोपलेली थडगी आणि हा बसलेला शिकारी! या शिकाऱ्याबद्दलची एक ओळ स्कॉटलंडचा कवी टॉमस कॅम्बेल याने आपल्या कवितेत घेतली. फ्रेनोच्या युद्धकवितेतली दुसरी एक ओळ वॉल्टर स्कॉटने थोडा फेर करून ‘मार्मियन’ या आपल्या काव्यात वापरली.

[दृश्य : ‘नॅशनल गॅझेट’चा अंक]
१७९१ ते १७९३ तो फिलाडेल्फियात या पत्राचा संपादक होता. परराष्ट्रमंत्री जेफरसनचा पाठिंबा, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचा संताप. १८१८ मध्ये घर जळालं, कागद गेले. १८३२ च्या डिसेंबरात हिमवादळात मृत्यू.

[दृश्य : फूल आणि छापील पान, शेजारी शेजारी]
साहित्याच्या इतिहासात त्याला क्रांतीच्या प्रकरणात बसवतात आणि स्वच्छंदतावादाचं पान पुढच्या पिढीतला अमेरिकन कवी ब्रायंट याच्यापासून उघडतात. ते पान १७८६ पासून उघडायला हवं. ‘प्रिझन शिप’ आणि ‘हनी सकल’ यांच्यामध्ये पाचच वर्षं आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाने लिहिल्या आहेत.