तिसऱ्या आठवड्यात काय होतं?

नमस्कार श्रोतेहो. मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या पोरांनी ऑनलाइन अभ्यास पहिल्यांदा पाहिला तो 2020 च्या टाळेबंदीत. स्क्रीनवर सगळे काळे चौकोन, कॅमेरे बंद, आणि मी विचारत राहायचे, "आवाज येतोय का?"

तेव्हा नाइलाज होता. आता मुलं आपणहून नाव घालतात. केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर 2017 पासून शिकायला पैसे पडत नाहीत, शुल्क परीक्षेचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून करून त्यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरता येतात. शिवाय खासगी कोर्स आहेतच. क्रेडिट, सर्टिफिकेट, पुढे नोकरी, ही ओढ खरी असते. पण ती दोनच आठवडे पुरते. तिसऱ्या आठवड्यापासून एकेक जण गळायला लागतो.

विचारलं की म्हणतात, "रेंज नव्हती." ते खोटं नाही, पण तेवढंच नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे. घरात फोन एकच. तो वडिलांबरोबर मार्केट यार्डात जातो आणि रात्री नऊला घरी येतो. जेवणं उरकली की ही ओट्यावर बसायची, रेंज तिथेच मिळते म्हणून. इंग्रजी व्हिडिओ थांबवत थांबवत वहीत मराठीत उतरवायची. एवढं सोसणारी मुलगी, तिनेही एक खासगी कोर्स अर्ध्यात सोडला. म्हणाली, "मॅडम, प्रश्न विचारून आठ दिवस झाले, उत्तर नाही. मी सोडलं तरी तिकडे कुणाला कळणार आहे?"

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मी तिची वही मागून घेतली. मागणीच्या लवचिकतेचं, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते याचं, गणित चुकलं होतं. किमतीतला फरक भागायचा होता जुन्या किमतीने, तिने भागला होता नव्या किमतीने. तेवढंच लाल पेनाने दाखवलं आणि खाली लिहिलं, 'पुढचं सोडवून सोमवारी आण.' सोमवारी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती, एकाऐवजी चार गणितं घेऊन.

आता दर शनिवारी लायब्ररीतल्या एका कम्प्युटरभोवती आम्ही सात-आठ जण बसतो. अडलं की व्हिडिओ थांबवतो. परवा एकाने दहा मिनिटांत तीनदा थांबवायला लावला, कुणी कुरकुरलं नाही.

पालकांनो, तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालेल. रात्री एवढंच विचारा, "आज काय पाहिलंस, सांग." त्या मुलीचे वडील फोन हातात देताना आता हेच विचारतात. मागच्या आठवड्यात तिने त्यांना कांद्याच्या भावावरून लवचिकता समजावली.