सिग्नल शहाणा करायचा तर आधी चौक मोजा
(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. संध्याकाळी साडेसहाची वेळ आणि दसरा चौक, म्हणजे तुम्ही इथवर पोचलात हेच विशेष. कुणी सीपीआर रुग्णालयाकडून आलं असेल, कुणी व्हीनस कॉर्नरकडून, आणि वाटेत थांबल्या थांबल्या निम्म्या जणांनी माझं व्याख्यान मनातल्या मनात देऊनही टाकलं असेल. तेव्हा वाहतूक तुंबते हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘बुद्धिमान वाहतूक व्यवस्था आणि आपलं शहर’. आयटीएस म्हणतात ते हेच. गर्दी बघून स्वतःच वेळ बदलणारे सिग्नल, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, महामार्गावरचे संदेशफलक, बसमधलं जीपीएस, किणी टोलनाक्यावर तुमची गाडी ओळखणारा फास्टॅग, सगळं त्यात आलं. यातलं कोल्हापूरला काय हवं आणि कोणत्या क्रमानं हवं, हे मी सांगणार आहे. पण त्याआधी प्रशिक्षणाबद्दल बोलू द्या. हा विषय शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली, आणि माझी पक्की खात्री झालीय की ही यंत्रं चालवणाऱ्या माणसांना शिकवायची आपली पद्धत उफराटी आहे.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात अशाच एका प्रशिक्षणाला गेलो होतो. गारेगार हॉल, गळ्यात पट्टे, प्रत्येकाला एक पिशवी. महापालिकांचे अभियंते होते, पोलीस अधिकारी होते, आम्ही दोन-चार शिकवणारे होतो. पडद्यावर संगणकातला चौक, चारही बाजूंनी गाड्या येतायत, रांगेत थांबतायत, हिरवा झाला की एकामागोमाग एक निघतायत. बघायला सुंदर. प्रशिक्षक हुशार होता, शिकवत मनापासून होता. आमच्या शेजारी आपल्याच भागातले एक हवालदार बसले होते. साहेबांना ऐनवेळी बंदोबस्त लागला म्हणून त्यांच्या जागी यांना पाठवलं होतं. दुपारपर्यंत माणूस एक शब्द बोलला नाही. मग प्रशिक्षकानं विचारलं, काही शंका? तर हे उठले आणि म्हणाले, “साहेब, ह्यात उसाचा ट्रॅक्टर कुठं हाय?”

हॉलमध्ये हसू फुटलं. तुम्हीही हसलात, पण तुमचं हसणं वेगळं आहे, कारण तुम्हाला प्रश्न कळलाय. तिथं तो कळलाच नाही. “वाहनांचे प्रकार नंतर वाढवता येतात,” असं उत्तर मिळालं आणि पुढची स्लाइड आली.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. त्यांनी त्या पिशवीतलंच एक माहितीपत्रक काढलं, पालथं केलं आणि पेनानं चौक काढला. म्हणाले, सर, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर लाल दिव्याला थांबला की माझी पंचाईत. हिरवा पडला तरी तो लगेच निघत नाही. ड्रायव्हर क्लच सोडतो, पुढची चाकं उचलतात, तो परत दाबतो, मग हळूहळू सरकतो. तो मधोमध येतो तोवर दिवा पिवळा. पहिली ट्रॉली पार होते तोवर लाल. दुसरी ट्रॉली चौकात आडवी, आणि तिकडून मोटारसायकली सुटलेल्या. म्हणून मी काय करतो, लांबून ट्रॅक्टर दिसला की आडव्या बाजूला हात करून थोपवतो आणि त्याला न थांबवता काढून देतो. दिव्याचं काय म्हणणं असेल ते असो.

मंडळी, त्या माणसानं माहितीपत्रकाच्या पाठीवर जे काढलं, त्याला आमच्या शास्त्रात मोकळं होण्याचा अवधी म्हणतात. एका बाजूचा हिरवा संपल्यावर दुसऱ्या बाजूचा लागेपर्यंत मध्ये जो पिवळा आणि सगळीकडे लाल असा वेळ ठेवतात, तो. त्याचं गणित साधं आहे. चौकाची रुंदी अधिक वाहनाची लांबी, भागिले वेग. समजा चौक २५ मीटरचा आहे. मोटार ४ मीटरची, सेकंदाला ८ मीटरनं जाते, म्हणजे चार सेकंदांच्या आत पार. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या धरा १६ मीटर, आणि थांबून निघालेला असल्यामुळे वेग सेकंदाला ३ मीटर. ४१ भागिले ३, जवळजवळ १४ सेकंद! मोटारीच्या मापानं लावलेला सिग्नल ट्रॅक्टरला दहा सेकंद कमी देतो. अपघात त्या दहा सेकंदांत होतो. आणि हवालदार हाताने जे करत होते, म्हणजे येणारं वाहन लांबून ओळखून हिरवा वाढवणं, त्यालाच आज जगभर प्राधान्य सिग्नल म्हणतात. ज्याला ते आधीच येत होतं, त्याला मागच्या खुर्चीवर बसवून आपण स्लाइडा दाखवल्या. याचा मला राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

पुस्तकांत आपला ऊस नाही असंही कुणी म्हणू नये. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची आयआरसी ६४ ही पुस्तिका ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेवर आहे. कुठलं वाहन किती मोटारींइतकी जागा अडवतं, त्याचा तक्ता तिच्यात आहे. पीसीयू म्हणतात त्याला. मोटार १, मोटारसायकल अर्धा, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. हातगाडी ३, घोड्याची गाडी ४. आणि बैलगाडी? ८! एक बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. ज्यांनी तो तक्ता केला ते रस्त्यावर उभे राहिले होते, हे त्या आठाच्या आकड्यावरून कळतं. मात्र दुसऱ्या ट्रॉलीचा वेगळा आकडा त्यात नाही. तो आपणच काढायला पाहिजे, कारण कसबा बावड्याचा साखर कारखाना शहराच्या हद्दीत आहे आणि गळीत सुरू झालं की ऊस आपल्या चौकांतून जातो.

आता रोड्स काँग्रेसचं नाव निघालंच आहे तर सांगतो, कारण हे मराठी माणसाला माहीत असायला हवं. रस्त्यांचा विचार करायला सरकारनं १९२७ साली एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. देशभरातल्या रस्त्यांची कामं करणाऱ्यांनी ठरावीक काळानं एकत्र बसावं, आपापले अनुभव मांडावेत, ही शिफारस त्यांच्या १९२८ च्या अहवालातली. त्यातून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. रस्त्यांची पहिली जागतिक परिषद १९०८ साली पॅरिसला भरली होती, आणि आयटीएसची पहिली जागतिक परिषदही पॅरिसलाच, १९९४ मध्ये. म्हणजे परिषदा, अधिवेशनं वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. रस्ते वाहतुकीचं शिक्षण देणारी भोसरीची सीआयआरटी घ्या, रस्त्यांवर संशोधन करणारी दिल्लीची सीआरआरआय घ्या, अशा संस्थांमधून माणसं शिकून येतात आणि उपयोगाचं शिकून येतात. माझं म्हणणं एवढंच की जयकरांच्या कल्पनेत अनुभव मांडणं होतं. आज हॉलमध्ये विकणारा बोलतो आणि चौकात उभा राहणारा ऐकतो.

मोजणीवर माझा एवढा जोर का, हेही एका सूत्रात सांगतो. १९५८ साली इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतल्या वेबस्टर यांनी सिग्नलच्या वेळेचं सूत्र दिलं. हिरवा, पिवळा, लाल असा पूर्ण फेरा किती सेकंदांचा असावा? फेऱ्यात वाया जाणारे सेकंद घ्या, त्यांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा आणि आलेल्या आकड्याला एक वजा वाय यानं भागा. वाय म्हणजे चौकावर येणारा भार त्याच्या ताकदीच्या किती पट आहे तो आकडा. चार बाजूंच्या चौकात १६ सेकंद वाया जातात असं धरू. वाय ०.७ असेल तर फेरा येतो साधारण ९७ सेकंद. ०.८ झाला की १४५. ०.९ झाला की २९०! पाच मिनिटं कोण थांबणार? १२० च्या वर फेरा सहसा नेत नाहीत, कारण त्यापुढे लोक दिवा मानतच नाहीत. आता बघा, तुमची मोजणी जुनी असेल, वाय ०.७ ऐवजी ०.८ झाला असेल, तर सगळं वेळापत्रक कोसळतं. पंधरा टक्क्यांची वाढ, आणि फेरा दीडपट. महागातला संगणक बसवला तरी त्याच्या पोटात हेच गणित आहे.

आता तुम्ही म्हणाल, पारीख पुलाचं काय? मला वाटलंच होतं कुणीतरी मान हलवणार. १८९१ साली रेल्वे आली, शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली, पुढे रुळांपलीकडे राजारामपुरी वाढली, आणि दोन्हींना जोडायला रुळांखालून जाणारी ही एवढीशी फट. पाऊस पडला की तीही पाण्यात. तिथं कितीही शहाणा सिग्नल लावा, फट रुंद होणार नाही. आयटीएस रस्ता देत नाही, असलेला रस्ता वाटून देते. हे नीट समजून घेतलं तर पुढची निराशा टळते.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं राहिली म्हणतात. मुख्य विषय तर अजून व्हायचाय, तेव्हा आता भरभर.

पहिली मोजणी, आणि तीही एकदाच करून भागणार नाही. कोल्हापूरची वर्षभराची वाहतूक एकसारखी नाही. गळीत हंगाम वेगळा, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी वेगळी, चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा वेगळी, मे महिन्यातले पर्यटक वेगळे. या प्रत्येकाचं सिग्नलचं स्वतंत्र वेळापत्रक तयार ठेवता येतं आणि तारीख आली की बदलता येतं. याला फारसा खर्च नाही. मग शेजारशेजारच्या चौकांची जुळणी. व्हीनस कॉर्नरहून सुटलेला लोंढा दसरा चौकात लालला येऊन आदळू नये, एवढं साधलं तरी फरक दिसेल.

त्यानंतर आपोआप बदलणारे सिग्नल. ऑस्ट्रेलियाची स्कॅट्स पद्धत थांबारेषेपाशीच वाहनं टिपते, इंग्लंडची स्कूट मागच्या चौकातून निघतानाच टिपते. दोन्ही १९७० च्या दशकात तयार झाल्या, आपापली लेन धरणाऱ्या मोटारी समोर ठेवून. आपल्या दुचाक्या रेषेच्या पुढे, कडेला, मिळेल तिथं घुसतात. अशा मिश्र वाहतुकीसाठी तिरुअनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं कॉसिकॉस्ट ही पद्धत तयार केली, तिचा विचार आधी व्हावा. आणि एक लक्षात ठेवा, सिग्नल गर्दीप्रमाणे बदलू लागला की उलट मोजणाऱ्या सेकंदांची पाटी बिनचूक दाखवता येत नाही. लोकांना आधी सांगितलं नाही तर यंत्र बिघडलं म्हणून पहिल्याच दिवशी ओरड होईल.

आता केएमटी, म्हणजे आपली शहर बससेवा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्पष्ट लिहिलंय, हलवायची ती माणसं, वाहनं नव्हेत. बसमध्ये जीपीएस बसवलं तर चौकाजवळ आलेल्या बससाठी हिरवा चार-पाच सेकंद लांबवता येतो. पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची मोटार यांना एकच न्याय देऊ नये.

कॅमेरे आणि ई-चलन मी शेवटी ठेवतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ती व्यवस्था २०२४ मध्ये सुरू झाली, तिथं ती शोभते. इथं ट्रॉलीच्या मागे लोंबणारी उसाची वाढी, म्हणजे हिरवे शेंडेच, नंबर झाकतात, आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तकसुद्धा नसतो. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती ट्रॉली दिसत नाही, त्यात माणसं जातात. कॅमेऱ्याच्या आधी प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी. कारखान्याच्या गेटवर तपासली तर एका हंगामात काम होतं.

आणि महापूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा दोन्हीकडे, ड्रायव्हर दिवसच्या दिवस अडकलेले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर आपल्याला तासातासाला कळते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे इथं शाळेतल्या पोराला पाठ आहे. मग ३९ फुटांना कऱ्हाड, साताऱ्याला आणि तिकडे निपाणी, बेळगावला महामार्गाच्या फलकावर संदेश का लागू नये, की पुढे शिरोलीला रस्ता बंद होण्याची शक्यता आहे, इथंच थांबा? पाणी मोजण्याची यंत्रणा आहे, फलकाचं तंत्र जुनं आहे, दोन खात्यांमधली तार तेवढी जोडायची आहे. मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन.

प्रशिक्षणाचं राहिलं. पहिला दिवस चौकात घ्या. वाहतूक शाखेचा हवालदार शिकवेल, महापालिकेचा कनिष्ठ अभियंता, केएमटीचा ड्रायव्हर आणि अभियांत्रिकीची मुलं शिकतील. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये या, आदल्या दिवसाचे आकडे घेऊन. विकणाऱ्याला तिसऱ्या दिवशी बोलवा आणि ते आकडे त्याच्यासमोर ठेवा.

गळीत सुरू झालं की आम्ही काही जण कसबा बावड्याच्या रस्त्यावर मोजणी करणार आहोत, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना, दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला वेगळा रकाना, बैलगाडीला वेगळा. मोजणीचे कागद बाहेर टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी नाव आणि सकाळ की संध्याकाळ एवढं लिहून ठेवा. संध्याकाळी माणसं कमी पडतात.